झेड ३ च्या मागून येणारा टक-टक आवाज आणि सैल झालेलं सस्पेन्शन: आधी काय बघायचं, मग काय उघडायचं

माझ्याकडे १९९९ ची बीएमडब्ल्यू झेड ३ आहे, २.० वाली, सहा सिलिंडर. स्टुटगार्टजवळ राहतो. मागच्या सस्पेन्शनचं काम मी स्वतःच्या गाडीवर दोनदा केलंय (एकदा चुकीचं, एकदा बरोबर, ती गोष्ट खाली येईल) आणि मित्रांच्या तीन गाड्यांवर, त्यातली एक झेड ३ आणि दोन जुन्या थ्री सिरीज कॉम्पॅक्ट. त्या कॉम्पॅक्टचं आणि झेड ३ चं मागचं सस्पेन्शन एकाच घराण्यातलं, दोन्ही ई३० (आधीच्या पिढीची थ्री सिरीज) वरून आलेलं, त्यामुळे खालचं बरंचसं तिन्ही गाड्यांना लागू पडतं. दर मार्चमध्ये, एप्रिल ते ऑक्टोबरच्या सीझन नंबरप्लेटवाल्या (म्हणजे तेवढेच महिने रस्त्यावर चालणाऱ्या) गाड्या झाकणाखालून बाहेर निघायच्या वेळी, मला कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, "मागून आवाज येतोय, पूर्ण बुश किट मागवू का?" (बुश म्हणजे सांध्यात धातूच्या दोन नळ्यांमध्ये बसवलेलं रबर.) नको मागवू. आधी हे वाच.

लक्षणं

आवाज कधी येतो ते नीट ऐका, कारण अर्धं निदान तिथेच होतं.

हळू वेगात, म्हणजे वीस-तीसला, गटाराच्या झाकणावरून किंवा दगडी फरशीच्या रस्त्यावरून जाताना कानामागे "टक" किंवा "ढब्" असा कोरडा आवाज येतो, आणि तोच खड्डा जोरात घेतला तर येत नाही: बहुतेक वेळा शॉकचं (शॉक ॲब्सॉर्बरचं) वरचं माउंट, म्हणजे तो बॉडीला जिथे धरलेला असतो तो तुकडा. हा आवाज झेड ३ मध्ये जास्तच जाणवतो कारण आपण जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेलो असतो, बूट (डिकी) आणि सीट यांच्यात फारसं काही नसतंच.

वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग किंचित सरकल्यासारखा वाटतो, कुणीतरी मागून बोटाने ढोसल्यासारखा: ट्रेलिंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या तिरक्या आर्मचे, बुश. ऑटोबानवर ट्रकच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून जाताना गाडी स्वतःच्या मनाने डावीकडे-उजवीकडे जाते, सारखं स्टिअरिंग सावरत बसावं लागतं, तेही तेच.

मागच्या टायरची आतली कड गुळगुळीत आणि बाहेरून टायर नवा. हे वरून दिसत नाही, हात आत घालून चाचपावं लागतं. माझ्या एका मित्राला आतल्या कडेला चक्क तारा लागल्या हाताला.

क्लच सोडताना किंवा गिअर टाकताना एकदाच "धप्प" होतं, रस्ता सपाट असला तरी: हे चाकाकडचं नाही, डिफरन्शियलकडचं (इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणाऱ्या गिअरच्या डब्याकडचं) आहे. आणि वेग वाढेल तशी वाढत जाणारी घुंई असेल तर ती बेअरिंगची, तिचा या पोस्टशी संबंध नाही.

फुकटातलं आधी

बूट पूर्ण रिकामा करा. हसू नका. जॅक, टूलकिट, मागच्या कप्प्यातली छत्री, सगळं बाहेर. मग गाडीखाली वाकून बघा, बूटखाली पाळण्यात लटकवलेलं स्पेअर चाक हलतंय का. एका गाडीचा आवाज शोधायला आम्ही शनिवारचे तीन तास घालवले आणि तो निघाला त्या पाळण्याचा, बोल्ट दोन फेरे आवळला, विषय संपला. सायलेन्सरही हाताने हलवून बघा (थंड असताना!), त्याचं रबर तुटलं की तो बॉडीवर अगदी सस्पेन्शनसारखाच ठोकतो.

मग टायर. हवा बघा, टायरवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. या गाड्या वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालतात, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत आणि रबर मात्र दहा वर्षांचं, लाकडासारखं. तसल्या टायरवर नवंकोरं सस्पेन्शनही वाईटच वाटणार. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या) १०० ते ११० न्यूटन-मीटरला लावून घ्या, हिवाळी टायर बदलणाऱ्याने एखादा अर्धवट सोडलेला मी बघितलाय.

हे सगळं करायला अर्धा तास लागतो, पैसा एक नाही. ज्यांनी ही पायरी गाळली त्यातल्या एकाने चारशे युरोचे शॉक लावले आणि आवाज तसाच. आवाज होता टूलकिटमधल्या स्क्रू-ड्रायव्हरचा.

दहा-वीस युरोतलं

तुमच्या गाडीला मागे अँटी-रोल बार (वळणात गाडी झुकू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा) असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या लिंक आणि मधले दोन रबर बुश बघा. लिंक हाताने धरून हलवायची, "कट्" वाजली तर प्ले आलाय, म्हणजे ती सैल झालीये. तरी शंका वाटली तर दोन्ही लिंक काढून बार वर बांधून ठेवा आणि गल्लीतल्या गल्लीत दहा-पंधराच्या वेगाने एक फेरी मारा, आवाज गेला तर चोर सापडला. या अवस्थेत मोठ्या रस्त्यावर जायचं नाही, वळणात गाडी वेगळी वागते.

शॉकचं वरचं माउंट, खरा गुन्हेगार

पाच कामांपैकी तीनमध्ये मूळ आवाज इथून निघाला, म्हणून इथे जरा थांबतो.

या गाड्यांत मागची स्प्रिंग वेगळी आणि शॉक वेगळा असतो. गाडीचं वजन स्प्रिंगवर, शॉकच्या माउंटवर वजन जवळजवळ नसतंच, फक्त धक्के. ते माउंट म्हणजे पत्र्याच्या दोन तबकड्यांमध्ये चिकटवलेलं रबर. वीस-पंचवीस वर्षांनी रबर सुटतं आणि शॉकचा दांडा मधल्या मध्ये वर-खाली आपटायला लागतो. हळू वेगातच आवाज का येतो त्याचंही उत्तर इथेच आहे: जोरात गेलं की दांडा एका बाजूला दाबलेलाच राहतो, शिवाय वारा आणि इंजिनमध्ये आवाज बुडतो.

तपासायची पद्धत अशी. बूटचं कार्पेट आणि बाजूचं अस्तर मागे ओढा, प्लास्टिकच्या क्लिपा आहेत, त्यातल्या दोन तुटणारच, आधीच मागवून ठेवा. आत माउंटचे दोन नट दिसतील, १३ ची गोटी लागते. आता बूटमध्ये हात घालून तळवा त्या नटांवर आणि भोवतीच्या पत्र्यावर सपाट ठेवा आणि दुसऱ्या माणसाला मागचा कोपरा दाबून सोडायला सांगा, जोरात नाही, लयीत. चांगलं माउंट असेल तर तळव्याला फक्त मऊ दाब जाणवतो. गेलेलं असेल तर प्रत्येक वेळी दाबाच्या आधी एक छोटी टिचकी लागते, दाराची कडी सैल असल्यासारखी. ती एकदा हाताला कळली की परत कधी चुकत नाही, कानाने मात्र डावं की उजवं हे सुद्धा कळत नाही, मी दोनदा चुकलोय.

बदलायला सोपं आहे. गाडी जॅकने उचला, जॅक-स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, हे एकदाच सांगतो), चाक काढा, ट्रेलिंग आर्मखाली दुसरा जॅक लावून त्याला किंचित आधार द्या, नाहीतर शॉक सुटल्यावर आर्म धपकन खाली येतो आणि ब्रेकची होज ताणली जाते. आतले दोन नट सोडा, शॉकचा खालचा मोठा बोल्ट सोडा, शॉक बाहेर. दांड्याच्या टोकाचा नट सोडताना दांडा फिरतो, त्याला वरून अडकवून धरायचं असतं. दांड्याला पकड लावून धरू नका, त्यावर ओरखडा पडला की सील फाटतं आणि महिन्याभरात शॉक गळायला लागतो.

वरचे दोन नट आठ मिलिमीटरच्या स्टडवर आहेत, २४-२५ न्यूटन-मीटर बास, हाताने "अजून थोडं" करू नका, स्टड माउंटमध्येच फिरायला लागतो आणि मग ग्राइंडर आणावा लागतो. नट नवे घ्या, सेल्फ-लॉकिंगवाले. माउंट आणि बॉडी यांच्यामधलं गॅस्केटही नवं घ्या, नाहीतर बूटमध्ये पाणी.

जोडीला मी पंचेचाळीस युरो दिले, नावाजलेल्या कंपनीचे. पहिल्यांदा चौदा युरोची जोडी लावली होती, ती चौदा महिने टिकली. युरोला महिना.

शॉक बाहेर आलाच आहे तर दांड्यावरचा फोमचा बंप स्टॉप (शॉक पूर्ण दाबला गेला की आपटू नये म्हणून असलेली गादी) बघा. बहुतेक वेळा तो बघायला शिल्लकच नसतो, हात लावला की शिळ्या भाकरीसारखा चुरा होतो. तो गेला की मोठ्या खड्ड्यात धातूवर धातू आपटतो आणि नवं माउंट लवकर मरतं. पाच-सात युरोची वस्तू आहे, त्यासाठी परत उघडायला लागू नये.

शॉक आणि स्प्रिंग

शॉक चांगला की वाईट हे गाडी दाबून बघून कळतं असं सगळे सांगतात. अर्धवट खरं आहे. पार मेलेला शॉक तसा कळतो, अर्धमेला नाही. बाहेर काढलाच आहे तर उभा धरून दांडा पूर्ण आत दाबा आणि बाहेर ओढा, दोन्हीकडे सारखा, जड प्रतिकार हवा, मध्ये कुठे "पोकळ" जागा लागली किंवा बाहेरून तेलाने ओला असेल तर गेला. नुसता धुळीचा पातळ ओलसर थर म्हणजे गळती नव्हे. बदलायचे तर जोडीने, एकीकडे नवा आणि एकीकडे पंचवीस वर्षांचा असं करायचं नाही. साक्स किंवा बिलस्टाईनचा साधा, मूळ मापाचा घ्या. खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणि कडक शॉक लावायचे असतील तर इथे जर्मनीत त्याची कागदपत्रं आणि तपासणी लागते, ती न करता फिरलात तर पुढच्या टीयूव्हीला (गाडीच्या ठराविक मुदतीच्या सरकारमान्य तपासणीला) गाडी तिथेच अडकते.

स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेटोळा हाताने चाचपा. तिथे मिठाचं पाणी साचतं, गंज चढतो आणि शेवटचा इंचभर तुकडा तुटून पडतो. गाडी एका बाजूला जराशी बसलेली दिसते, तुम्हाला वाटतं रस्त्याचा उतार आहे. वरच्या-खालच्या रबरी पॅडचे तुकडे झालेले असतात, तेही आवाज करतात. स्प्रिंग काढायला या गाडीत सहसा कॉम्प्रेसर लागत नाही, शॉक आणि बारची लिंक सोडून आर्म हळूहळू खाली घेतला की ती सैल होते. "हळूहळू" महत्त्वाचं. आणि समोर उभं राहायचं नाही.

ट्रेलिंग आर्मचे बुश, म्हणजे इथून घाम

आधी ते काय करतात ते बघू. मागच्या प्रत्येक चाकाला एक तिरका आर्म, तो दोन बुशांवर बिजागरीसारखा फिरतो. बिजागरी तिरकी असल्यामुळे चाक वर गेलं की ते नुसतं वर जात नाही, वरून आत झुकतं आणि त्याची दिशाही बदलते. हे डिझाइनमध्येच आहे, म्हणून जुनी बसलेली झेड ३ मागून बघितली की पाय फाकवून उभी असल्यासारखी दिसते. बुश धड असेल तोवर हा बदल मोजून-मापून होतो. बुश सैल झाला की आर्म पुढे-मागे सरकायला लागतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की चाक स्वतःच किंचित वळतं, म्हणजे थोडंसं स्टिअरिंग मागूनही होतं, आणि ते तुमच्या हातात नसतं. टायरची आतली कड खाणाराही हाच.

तपासायला गाडी उंच हवी. मी अंगणात कधी करत नाही, एक तर आमच्या सोसायटीत रस्त्यावर गाडी खोलायला बंदी आणि रविवारी तर हातोडीचा आवाज आला की वरच्या आजी खिडकीत हजर. इथे तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळणाऱ्या वर्कशॉप आहेत, मी साधारण वीस युरो तास देतो, तिथे जा. टॉमी (लांब लोखंडी पहार) आर्म आणि क्रॉस-मेंबरच्या (दोन्ही आर्म जोडलेल्या आडव्या तुळईच्या) ब्रॅकेटमध्ये घाला आणि हलकेच उचका. बुश थोडा हलणारच, रबर आहे. बघायचं हे की आतली नळी बाहेरच्या नळीपासून किती सरकते आणि रबरात फट उघडते का. वरवरच्या बारीक भेगा, हत्तीच्या कातडीसारख्या, त्याने काही बिघडत नाही. फट उघडून त्यातून पलीकडचा उजेड दिसला की संपला. चारही बुश एकदम बदलायचे.

काढायच्या आधीचा आठवडा रोज संध्याकाळी बोल्टवर गंज सोडवणारा स्प्रे. रोज. पुण्या-कोल्हापूरकडच्या गाडीत हे बोल्ट तासाभरात निघतील, इथे पंचवीस हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ खाल्लेलं असतं, बोल्ट आतल्या नळीला असा धरलेला असतो की फिरवला की नळीसकट रबर पिळवटतं आणि सोडलं की परत जागेवर येतं, बघून हसू येतं, पण दुसऱ्या तासाला येत नाही.

बुश दाबून काढायला आणि बसवायला ओढण्याचं टूल मिळतं, भाड्यानेही मिळतं. माझा मामा कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर काम करतो, त्याने व्हिडिओ कॉलवर समजावलं आणि मी जाड आटेरी दांडा, दोन जाड वॉशर आणि योग्य मापाची नळी घेऊन बनवलं, चाललं. नवीन बुश आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा (बायकोला आधी सांगून), आर्मचं भोक गंज घासून साफ करा, बसवताना साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नाही, रबर फुगतं. जुना काढायच्या आधी त्याचा फोटो काढा, किती आत बसलाय आणि कुठली बाजू कुठे आहे ते मोजून लिहून ठेवा.

पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) बुश लावू का, हा प्रश्न हमखास येतो. ट्रॅकवर जात असाल तर लावा. रोजच्या-सुट्टीच्या गाडीला मी मूळ रबराचेच लावतो, कारण आवाज घालवायला निघालो होतो आणि कर्र-कर्र घेऊन आलो असं नको.

आता माझी चूक. पहिल्या वेळी सगळं छान बसवलं, गाडी लिफ्टवर, चाकं खाली लोंबकळतायत, आणि त्याच अवस्थेत आर्मचे बोल्ट टॉर्क पान्याने कडक आवळले. महिनाभर गाडी स्वप्नासारखी. वर्षभरात तेच सरकणं परत, तोच टायर परत खाल्लेला. मी मामाला फोन लावला, म्हटलं मामा, जर्मनीत सुद्धा डुप्लिकेट माल मिळतो बघा. मामा दोन सेकंद गप्प, मग म्हणाला, "चाक लोंबत असताना बोल्ट आवळलास व्हय रं?"

झालं होतं ते असं: या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला घट्ट होते, तिथून पुढे आर्म हलतो तो फक्त रबर पिळून. चाक लोंबत असताना आवळलं म्हणजे रबराची "आरामाची" जागा ती झाली. गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं, उभी असताना सुद्धा, रात्री पार्किंगमध्ये सुद्धा. ते फाटणारच. माल चांगला होता, मीच त्याचा गळा आवळला होता.

म्हणून आता असं करतो. काम सुरू करायच्या आधी, गाडी सपाट जमिनीवर, टाकी भरलेली, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजायचं आणि फेंडरवर मास्किंग टेप लावून त्यावरच लिहायचं. सगळं जोडल्यावर बोल्ट नुसते हाताने टेकवायचे, मग आर्मखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत चाकाचा मध्य वर घ्यायचा (उचलताना गाडी स्टँडवरून किंवा लिफ्टच्या पायांवरून उठत नाहीये ना बघत), आणि मग शेवटचा टॉर्क. शॉकच्या खालच्या बोल्टलाही हाच नियम. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, बोल्टच्या जातीप्रमाणे बदलतो.

क्रॉस-मेंबर आणि डिफरन्शियल

वरचं सगळं झालं आणि तरी "धप्प" आहे, तर दोन जागा उरतात. दोन्ही आर्म ज्याला जोडलेत तो क्रॉस-मेंबर दोन मोठ्या बुशांवर बॉडीला टांगलेला असतो. आणि डिफरन्शियल मागच्या बाजूला एका कानाने, त्यातल्या एका रबरावर, बूटच्या फ्लोअरला धरलेलं असतं. कानाशेजारी टॉमी लावून वर-खाली करा, बोटभर हललं तर रबर गेलं. कानालाच तडा गेलाय का तेही बघा, चिखल पुसून, टॉर्च तिरका धरून. जाता जाता प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतच्या फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकाचा रबरी चकतीसारखा जॉइंट बघा, तोही अगदी असाच "धप्प" करतो आणि बिचाऱ्या डिफरन्शियलवर आळ येतो.

डिफरन्शियलचं रबर मी लिफ्टवर बदललंय, एक पूर्ण दिवस गेला. क्रॉस-मेंबर मी स्वतः उतरवत नाही. त्यात सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, हँडब्रेकच्या केबल, ब्रेकच्या पाइपलाइन सगळं सोडावं लागतं, आणि पंचवीस वर्षांच्या गंजलेल्या ब्रेक पाइपचा नट फिरवला की नटाबरोबर पाइपही पिळतो. एकदा पिळला की गाडी टो करूनच न्यावी लागते.

इथे थांबा

बूटचं कार्पेट पूर्ण उचला आणि डिफरन्शियलच्या बरोबर वरचा पत्रा नीट बघा. ब्रॅकेट जिथे स्पॉट-वेल्डने धरलंय तिथे पत्र्याचे जोड उघडलेत का, रंगाला गोल तडे आहेत का, जोडाच्या कडेने गंजाची तपकिरी रेघ आहे का. या गाडीची ही माहीत असलेली कमजोरी आहे, इंजिनचा प्रत्येक झटका शेवटी तिथे येतो. एकजण बूटमध्ये हात ठेवून बसा आणि खालून दुसऱ्याने डिफरन्शियल उचकून बघा, पत्रा श्वास घेतल्यासारखा वर-खाली झाला तर गाडी चालवणं बंद. हे बुशचं काम नाही, बॉडीवाल्याचं आहे: पत्रा उघडायचा, मजबुतीच्या प्लेट घालून वेल्ड करायचं. पेट्रोलची टाकी जवळच आहे, मित्राच्या मित्राकडे वेल्डिंग मशीन आहे म्हणून तिथे जायचं नाही.

ब्रेकचा पाइप गंजून फुगलेला दिसला तरी थांबा. क्रॉस-मेंबर किंवा जॅक लावायची जागा गंजून पोकळ वाजत असेल तरी. बोल्ट तुटून अर्धा आत राहिला आणि तुमच्याकडे ड्रिल आणि भरपूर संयम दोन्ही नसेल तरी.

आणि एक थांबा सगळं नीट झाल्यावरचा. चारही चाकांचं अलाइनमेंट (चाकांची दिशा आणि झुकाव) मोजून घ्या, मी शंभर युरोच्या आसपास देतो, शक्य असेल तर काम करण्याआधीचाही कागद घ्या. या गाडीत मागच्या चाकांना कंपनीकडून ॲडजस्टमेंट दिलेलीच नाही, त्यामुळे नवे बुश लावूनही डावा-उजवा आकडा फार वेगळा आला तर कुणीतरी ही गाडी कधीतरी फुटपाथवर चढवलेली आहे, आर्म वाकलाय. इक्सेंट्रिक बुश (भोक मध्यापासून सरकवलेले) मिळतात, थोडा फरक त्याने निघतो, पण वाकलेला आर्म त्याने झाकायचा नाही. अलाइनमेंटवाल्याला विचारा, तो मशीनचे आकडे दाखवून सरळ सांगतो.

टीयूव्ही जवळ आली असेल तर आधीच करून घ्या. तपासणीत सैल बुश मोठा दोष म्हणून लिहिला गेला तर महिन्याभरात दुरुस्त करून परत दाखवायला लागतं, आणि त्या महिन्यात सुटे भाग यायला हमखास उशीर होतो. मला एकदा तिथल्या तपासनीसानेच खाली बोलावून टॉमीने उचकून दाखवलं होतं, फट कशी उघडते ते, या सगळ्याची सुरुवात तिथूनच झाली.

काम झाल्यावर तीन-चारशे किलोमीटरनंतर बूटमधले ते दोन-दोन नट आणि चाकाचे बोल्ट परत एकदा पान्याने बघा. प्रश्न विचारायचा असेल तर आवाज कुठल्या वेगाला, सपाट की खडबडीत रस्त्याला, आणि बूट रिकामा करून बघितला का, हे लिहा. सध्या पाचव्या गाडीचं, म्हणजे मित्राच्या कॉम्पॅक्टचं काम चालू आहे, तीन बुश बसले, डाव्या आर्मच्या आतल्या बोल्टवर आज नववा दिवस स्प्रे मारतोय, अजून हललेला नाही.